दुसऱ्या पसंतीच्या अक्का

बनारसला बदली झाली तेव्हा दूधविनायकाच्या गल्लीत भाड्याने खोली मिळते का ते पाहायला गेलो, आणि पहिल्याच दारात अक्का भेटल्या. पायरीवर बसून नेनुआ चिरत होत्या. आपल्या घोसाळ्याला तिकडे नेनुआ म्हणतात. माझं ‘खोली’ एवढंच बोलून झालं होतं. त्यांनी विळी बाजूला सारली आणि विचारलं, "पहिली पसंती काय? उजेड, शांतता, की नळाचं पाणी?"

"तिन्ही," मी म्हणालो.

"तिन्ही असं काही नसतं इथे. नंबर लावा."

मी जरा विचार करून पाणी पहिलं, शांतता दुसरी, उजेड तिसरा असं सांगितलं.

"मग माझी वरची खोली घ्या. पाणी आहे. शांतता मी झोपल्यावर असते. उजेड बिलकुल नाही."

बनारस सोडेपर्यंत मी त्याच खोलीत राहिलो.

त्यांचं नाव वत्सला सप्रे. मुलींच्या एका इंटर कॉलेजात, म्हणजे तिकडच्या बारावीपर्यंतच्या शाळेत, नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. पेशव्यांच्या काळात त्यांचा कुणी पूर्वज काशीला शिकायला आला आणि परत जायचं राहून गेलं, एवढाच त्यांचा महाराष्ट्राशी संबंध. गल्लीतले मराठी लोक त्यांना अक्का म्हणत, हिंदी लोकांना ते नावच वाटे, म्हणून ते ‘अक्काजी’ म्हणत. अक्का सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालत, कारण गल्लीतल्या फरशांवर शेण असे, आणि शेणावर एकदा घसरल्यावर माणसाने चप्पल सोडावी असं त्यांचं मत होतं. वाटेत सांड बसला असेल तर त्या त्याला ‘चलो भैया’ म्हणत आणि तो खरंच उठे.

बोलण्यात हिंदी इतकी मिसळलेली, की सुरुवातीला मला हसू येई. "मी सोचलं की आज खिचडी बनवावी," असं त्या सहज म्हणत. पण एकदा माझं बोलणं लक्ष देऊन ऐकल्यावर मलाच म्हणाल्या, "तुमची मराठी छान आहे हो, फक्त जरा बाहेरची वाटते." मी साताऱ्याचा. तेव्हापासून त्या मला ‘सातारकर’ म्हणू लागल्या. माणसाला गावावरून नाहीतर कामावरून हाक मारायची त्यांना सवय होती.

दुसरी सवय नंबर लावण्याची. भाजीवाल्यापुढे उभ्या राहून त्या म्हणत, "पहली पसंद भिंडी. ताजी नहीं है तो परवल. वह भी कल का है तो आलू दे दो, मगर झूठ मत बोलो." लहान नातवंडं आली की कोणती गोष्ट ऐकायची याचे नंबर लावून घेत. माझ्याकडे पाहुणा यायचा असला, तर त्याला काय खायला आवडतं हे एकदम विचारायच्या नाहीत; पहिलं काय, ते नसेल तर काय, हे क्रमाने विचारायच्या. गल्लीत काही लोक त्यांना ‘नंबरवाली अक्का’ म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

हे खूळ कुठून आलं, ते त्यांनी एका रविवारी सांगितलं. आपल्याकडे जशी विधान परिषद आहे तशी उत्तर प्रदेशातही आहे, आणि तिथे शिक्षकांचे वेगळे आमदार निवडून जातात. त्या निवडणुकीत यंत्राचं बटण नसतं. कागद असतो, जांभळं स्केचपेन असतं, आणि उमेदवारांच्या नावांपुढे आपल्या पसंतीप्रमाणे एक, दोन, तीन असे आकडे लिहायचे असतात. पहिल्या मोजणीत कुणी निम्म्याच्या पुढे गेला नाही, तर सगळ्यांत मागचा बाद होतो आणि त्याची मतं त्या त्या मतदाराच्या दुसऱ्या पसंतीकडे जातात. असं करत करत एकजण निम्म्याच्या पुढे जातो. अक्कांनी नोकरीच्या काळात असं मत अनेकदा दिलं होतं.

"आणि तेच मी विधानसभेला मत द्यायला गेले," त्या म्हणाल्या, "की एक बटण. पी करून आवाज, संपलं. पाचांतल्या चौघांबद्दल मला काय वाटतं, ते कुणी विचारतच नाही. शंभरातले तीस लोक ज्याच्या बाजूने, तो पाच साल सगळ्यांचा आमदार. बाकीचे सत्तर पाच साल शिव्या देतात. मला सांगा, मास्तर लोकांना तीन आकडे लिहिता येतात आणि आपल्या दूधवाल्याला येत नाहीत, हे ठरवलं कुणी?"

त्यांचा भाचा वकील होता. तो म्हणे, "मावशी, हे बदलायला संसदेत कायदा करावा लागतो."

"करू देत ना. तोपर्यंत गल्लीला सवय लागू दे."

आणि त्या खरोखरच गल्लीला सवय लावायच्या मागे लागल्या होत्या. संकठा घाटाकडे उतरताना पन्नालालचं चहाचं दुकान होतं. सकाळी तिथे दहा-पंधरा माणसं राजकारण बोलत बसलेली. बायका तिथे थांबत नसत, अक्का थांबत. एका सकाळी त्यांनी सगळ्यांना विचारलं, पन्नालाल आज एकच पदार्थ आणून सगळ्यांना खिलवणार असेल तर काय आणावं? हात वर करा. निम्म्याहून जास्त लोकांना गोड हवं होतं, पण त्यात काही जिलेबीवाले, काही लौंगलतावाले. समोसेवाले थोडेच, पण एकजूट. मोजल्यावर समोसा निवडून आला.

"बघा," अक्का हिंदीत म्हणाल्या, "गोड खाणारे जास्त, आणि सगळ्यांच्या तोंडात तिखट."

मग त्यांनी पुन्हा मत घेतलं. लौंगलता सगळ्यांत मागे, म्हणून बाद. लौंगलतावाल्यांना विचारलं, आता तुम्ही कुठे? बहुतेक जिलेबीकडे गेले आणि जिलेबी निवडून आली. एक म्हातारा नावाडी बराच वेळ कुल्हड हातात धरून बसला होता. तो म्हणाला, "ई त ठीक हौ, अक्का. बाकिर नेता लोग का करिहें?"

"नेता लोग?" अक्का म्हणाल्या. "वे उस मुहल्ले में भी हाथ जोड़ेंगे, जहाँ से पहला वोट मिलने वाला नहीं।"

पन्नालालने त्या दिवशी खरंच जिलेबी मागवली. समोसेवाल्यांनीही खाल्ली.

अक्कांना मी एकदा विचारलं की इतक्या लोकांशी वाद घालून कंटाळा येत नाही का. तेव्हा त्या हसत आपल्या लग्नाची गोष्ट सांगू लागल्या. त्यांचे यजमान रेल्वेच्या कारखान्यात होते, मी गेलो त्याच्या बरीच वर्षं आधी वारलेले. त्यांना ग्वाल्हेरची एक मुलगी पसंत होती. तिने नकार दिला. मग घरच्यांनी दुसरं स्थळ काढलं, ते अक्कांचं. हे लग्नाआधीच त्यांच्या कानावर आलं होतं, आणि त्या आईला म्हणाल्या होत्या की मला असा नवरा नको.

"मग?"

"मग हे स्वतः आले. वडिलांसमोर बसून म्हणाले, हो, तिकडे विचारलं होतं, खोटं बोलत नाही. मी विचार केला, दुसऱ्या नंबरवर ठेवून जो माणूस सरळ सांगतो, तो पहिल्या नंबरवर ठेवून खोटं बोलणाऱ्यापेक्षा बरा. आणि मजा सांगू का? माझ्याही मनात पहिला नंबर दुसऱ्याच कुणाचा होता. ते मी यांना लग्नानंतर सांगितलं. दोघं बहुत हसलो." पदराने चष्मा पुसत त्या पुढे म्हणाल्या, "चांगला संसार झाला हो आमचा. म्हणून मला दुसऱ्या पसंतीची चेष्टा केलेली आवडत नाही."

आता मंडळाची गोष्ट सांगायला हवी, कारण अक्कांची खरी परीक्षा तिथे झाली.

बनारसच्या मराठी लोकांचं एक मंडळ होतं. वर्षभर झोपलेलं, गणपतीला जागं व्हायचं. त्यात दोन पक्ष. एक गल्लीतल्या जुन्या घरांचा, पौरोहित्य करणाऱ्यांचा. त्यांचे पुढारी वासुदेवशास्त्री. शास्त्रीबुवांच्या घरी सात पिढ्यांची याज्ञिकी होती आणि बाहेरचं पाणीही ते पीत नसत. दुसरा पक्ष नोकरीसाठी आलेल्यांचा, जे वरुणा नदीपलीकडच्या कॉलन्यांत राहत. त्यांचे पुढारी रेल्वेतून निवृत्त झालेले कुलकर्णीसाहेब. शास्त्रीबुवांना गणपती गल्लीतल्या जुन्या दिवाणखान्यातच हवा, आरती मुहूर्तावर हवी. कुलकर्णीसाहेबांना मोठा हॉल हवा, गाड्या लावायला जागा हवी आणि आरती ऑफिस सुटल्यावर हवी. आदल्या निवडणुकीत गल्लीतून दोन उमेदवार उभे राहिले, गल्लीची मतं फुटली आणि कुलकर्णीसाहेब एक-तृतीयांशाहून जरा जास्त मतांवर अध्यक्ष झाले. त्या वर्षी हॉलमध्ये गणपती बसला, पण गल्लीतलं एकही माणूस आरतीला गेलं नाही. शास्त्रीबुवांनी जाहीर करून टाकलं की पुढच्या वर्षी आमचा गणपती वेगळा.

शहरात मूठभर मराठी घरं, आणि त्यांचे दोन गणपती. अक्कांना ते सहन होईना. दोन्हीकडच्या बायका त्यांच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, तुम्ही उभ्या राहा. अक्का म्हणाल्या, "राहते. पण निवडणूक नंबरची."

बैठकीत दोन्ही पक्षांनी लगेच मान्यता दिली. मला वाटतं, प्रत्येकाला खात्री होती की दुसऱ्याला यातलं काही समजणार नाही.

खरंही होतं ते. दोनच दिवसांत शास्त्रीबुवा अक्कांच्या पायरीशी आले. मी वरच्या खिडकीतून ऐकत होतो. ते म्हणाले, "वत्सले, पहिली पसंती मागायची ते कळतं. ही दुसरी मागायची कशी? आणि कुणाकडे?"

अक्का त्यांच्याविरुद्ध उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं नसतं तर कुणी दोष दिला नसता. पण विचारलेलं समजावून सांगायचं, ही चाळीस वर्षांची खोड कुठे जाणार? म्हणाल्या, "जो तुम्हाला पहिलं मत देणार नाही, त्याच्याकडे. कुलकर्ण्यांच्या कॉलनीत जा."

"तिकडे मी कधी गेलो नाही."

"म्हणूनच जा. घरोघर बसा. त्यांना काय पाहिजे ते ऐका. चहा प्या."

"मी बाहेर काही घेत नाही, तुला माहीत आहे."

"मग केळं खा. सालीत असतं, त्याला काय होतं?"

शास्त्रीबुवा गेले. सायकलरिक्षात ताठ बसून, खांद्यावर उपरणं, हातात स्वतःचा पाण्याचा तांब्या. कॉलनीतल्या लोकांनी ही वरात पाहिली तेव्हा त्यांना वाटलं कुणाकडे सत्यनारायण आहे. पहिल्या दिवशी शास्त्रीबुवांनी घरोघर केळी खाल्ली. एका घरातल्या सुनेने सांगितलं की तिला आरती म्हणायची फार हौस आहे, पण ती सातला घरी पोचते आणि गल्लीत आरती तेव्हा संपलेली असते. शास्त्रीबुवांनी हे कधी ऐकलंच नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं, मुहूर्ताची आरती होईल, आणि रात्री आठला दुसरी होईल, ती तू म्हण. पुढे पुढे असं कळलं की त्यांनी खुद्द कुलकर्णीसाहेबांच्या घरी चहा घेतला. गल्लीत ही बातमी एखाद्या ग्रहणासारखी पसरली.

अक्का मात्र कुणाकडे गेल्या नाहीत. त्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला मत कसं द्यायचं ते शिकवत राहिल्या.

मतदान दिवाणखान्यात झालं. मी दोन्ही पक्षांचा नव्हतो आणि बँकेत होतो, म्हणून मोजायला मला बसवलं. पहिली मोजणी झाली तेव्हा अक्का सगळ्यांच्या पुढे होत्या, शास्त्रीबुवा थोडेसे मागे, कुलकर्णीसाहेब तिसरे. निम्म्याच्या पुढे कुणीच नाही. बायकांनी टाळ्याच वाजवायला सुरुवात केली. मी कुलकर्णीसाहेबांची मतं उघडून त्यावरच्या दुसऱ्या पसंत्या वाचू लागलो. सगळ्यांना वाटत होतं की त्या अक्कांच्या असणार. शास्त्रीबुवांशी तर त्यांचं भांडण. पण एकामागून एक शास्त्रीबुवांचं नाव निघत गेलं. शेवटी शास्त्रीबुवा जिंकले.

ते स्वतःच उभे राहिले. पोरासारखे गोंधळून गेले होते. म्हणाले, "हे बरोबर नाही. पहिल्या मोजणीत वत्सला पुढे होती. नेहमीच्या रीतीने तीच अध्यक्ष झाली असती. मी बाजूला होतो."

कुलकर्णीसाहेबांचे दोघे-तिघे आणि सगळ्या बायका म्हणू लागल्या, हो, अक्काच. एवढं सोपं होतं. अक्कांनी फक्त गप्प बसायचं होतं.

त्या क्षणभर गप्प बसल्याही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग उठल्या. "शास्त्रीबुवा, कुलकर्ण्यांकडे चहा प्यालात की नाही?"

"प्यालो."

"किती वेळा?"

"दोनदा," शास्त्रीबुवा खाली बघत म्हणाले, आणि सगळे हसले.

"मग बसा त्या खुर्चीवर. मी एकदाही गेले नाही. हरले म्हणून रीत बदलायची असेल, तर इतके दिवस मी काय शिकवत होते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघालो तेव्हा त्या पायरीवर होत्या. समोर भाजी नव्हती, विळी नव्हती. मला बसायला सांगितलं.

"वाईट वाटलं हो, सातारकर. लोकांसमोर हसले, पण वाटलं."

"साहजिक आहे."

"हरल्याचं नाही. मी सोचलं होतं, सगळ्यांची दुसरी पसंती मीच. त्यासाठी मागायला कशाला जायचं? नवरा जसा बायकोला गृहीत धरतो, तसं मी त्यांना धरून बसले." थोड्या वेळाने स्वतःच हसू लागल्या. "पण पाहिलंत ना? चालते ही रीत. त्या वासुदेवाने केळी खाल्ली हो, चपरासी-क्लार्कांच्या घरी बसून."

त्या वर्षी गणपती एकच बसला, गल्लीत. आठच्या आरतीला कॉलनीतले लोक रिक्षा भरून आले. ती सून आरती म्हणायला उभी राहिली आणि शास्त्रीबुवा झांज धरून तिच्या मागे. एक रविवार कार्यक्रम कॉलनीच्या हॉलमध्ये झाला, त्याला शास्त्रीबुवा गेले. कुलकर्णीसाहेबांशी ते अजूनही भांडत, पण आता समोरासमोर बसून भांडत, आणि चहा घेऊन. अक्का पहिल्या रांगेत बसून प्रसादाचे नंबर लावत होत्या.

मग विधानसभेची निवडणूक आली. कोण कोण उभं होतं ते आता सांगत नाही. त्यांतले एक उमेदवार एका दुपारी ढोल आणि कार्यकर्ते घेऊन गल्लीत आले. गळ्यात इतके हार की मान दिसेना. दारोदार हात जोडत अक्कांच्या पायरीशी पोचले.

अक्कांनी त्यांना बसायला पाट दिला, पाणी दिलं, पेढा दिला. मग म्हणाल्या, "मेरा पहला वोट आपको नहीं मिलेगा, यह मैं साफ बता देती हूँ. दूसरा चाहिए?"

कार्यकर्त्यांत कुजबुज झाली. उमेदवार सभ्य माणूस असावा. तो म्हणाला, "माताजी, दूसरा तो होता ही नहीं."

"होता, तो?"

तो उठायच्या बेतात होता, तो पुन्हा टेकला. गळ्यातले दोन हार काढून मांडीवर ठेवले. दमला असेल कदाचित. पेढा खाताना विचार करत राहिला. मग म्हणाला, "होता तो उस गली में भी जाना पड़ता, जहाँ आज नहीं जा रहा हूँ."

"कौन-सी गली?"

त्याने मांडीवरचे हार पुन्हा गळ्यात घातले. नमस्कार केला आणि उठला. ढोल पुन्हा सुरू झाला आणि मिरवणूक पुढे गेली. अक्का बराच वेळ त्या दिशेला बघत होत्या. "समजदार आहे," त्या म्हणाल्या. "पण त्याला तसं वागायचं कारण नाही आपण दिलं."

माझी बदली त्याच सुमारास झाली. पुढच्या वर्षी अक्का गेल्याचं कुलकर्णीसाहेबांनी फोनवर कळवलं. त्यांच्या अंत्यविधीचं सगळं शास्त्रीबुवांनी केलं, दक्षिणा घेतली नाही, असंही ते म्हणाले. पण मला अक्का आठवतात त्या विधानसभेच्या मतदानाच्या दिवशीच्या.

माझी गाडी दुपारची होती. सामान आधीच पाठवलेलं. शाळेतल्या मतदान केंद्रावरून जाताना बायकांची रांग फाटकाबाहेर लागलेली दिसली. त्या रांगेत, अगदी पुढे, फाटकापाशी, पांढरे बूट घातलेल्या अक्का. वयाकडे बघून शिपायाने त्यांना सरळ आत नेऊन सोडलं असतं, पण त्या रांगेतच उभ्या होत्या. मागे कॉलेजच्या वयाच्या तीन-चार मुली, बहुधा पहिल्यांदाच मत द्यायला आलेल्या. अक्का त्यांच्याकडे तोंड करून, फाटकाकडे पाठ करून, काहीतरी समजावत होत्या. एक बोट वर, मग दुसरं, मग तिसरं. मुली हसत होत्या आणि मान डोलावत होत्या. एकीने काही शंका काढली, तर अक्कांनी तिसरं बोट पुन्हा मुडपून पुन्हा उघडलं.

मी रस्त्यावरून हात केला. त्यांनी पाहिलं नाही.

त्यांचा नंबर आला. शिपाई म्हणाला, "चलिए माताजी, अंदर चलिए."

"रुको," अक्का म्हणाल्या, आणि शंका विचारणाऱ्या मुलीच्या मागच्या बाईला पुढे जायला जागा करून दिली. "पहले इन्हें जाने दो. इस लड़की का तीसरा अभी बाकी है."